भिडूंची वांटणी आणि तिची परीक्षा

स्नेहीमंडळींच्या सामन्यांत हारजीत कोठें ठरते, असा प्रश्न केला तर बहुतेक लोक मैदानाकडे बोट दाखवितील. वस्तुतः ती पुष्कळदां सामन्याच्या आदल्या आठवड्यांत, एखाद्या ओसरीवर किंवा शाळेच्या रिकाम्या वर्गांत, खेळाडूंची यादी पुढें घेऊन बसलेल्या तीनचार नायकांच्या बैठकींत ठरून गेलेली असते. बीडसारख्या जिल्ह्याच्या गांवीं बास्केटबॉलची हौशी स्पर्धा भरवावयाची म्हटली, म्हणजे खेळणारे पस्तीसचाळीस जण कसेबसे जमतात. त्यांत कोणी महाविद्यालयाकडून खेळून आलेला असतो, कोणी बँकेंत कारकून असतो, कोणी नुकताच शाळेंतून बाहेर पडलेला असतो. बाहेरून संघ येत नाहींत. आहेत त्याच मंडळींतून चार संघ उभे करावयाचे असतात. ही वांटणी नीट झाली तर शेवटच्या दिवसापर्यंत खेळ पाहावयास माणसें येतात. ती बिघडली तर दुसऱ्याच दिवशीं दोन संघांचे गडी घरीं बसतात आणि तिसऱ्या दिवशीं पंचालाच खेळावयास उतरावें लागतें!

तेव्हां वांटणी कशी करावी, आणि झालेली वांटणी चांगली कीं वाईट हें कसें ओळखावें, हा विषय वरवर पाहतां पोरकट वाटला तरी विचार करण्यासारखा आहे.

प्रथम एक भेद ध्यानांत घ्यावयास हवा. निवड ही एक गोष्ट आणि वांटणी ही दुसरी. इ. स. २०२५ च्या जानेवारींत दिल्ली येथें खो-खोची पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि तींत भारताच्या महिला संघानें अंतिम सामन्यांत नेपाळचा ७८ विरुद्ध ४० गुणांनीं पराभव केला. त्या संघाची नायिका प्रियांका इंगळे ही मूळची बीड जिल्ह्यांतील केज तालुक्याची. असा संघ निवडतांना निवडणाऱ्यांपुढें एकच हेतु असतो : देशांत जें उत्तम तें एका ठिकाणीं आणणें. जे राहिले ते राहिले. त्यांचें पुढें काय झालें हें पाहण्याचें काम निवडसमितीचें नसतें. गांवच्या स्पर्धेंत नेमकें याच्या उलट असतें. तेथें कोणालाच वगळावयाचें नसतें, आणि उत्तम तेवढें एका ठिकाणीं गोळा झालें तर स्पर्धेचा जीवच जातो. निवडींत श्रेष्ठता पाहावयाची, वांटणींत समता. हा भेद विसरल्यामुळें किती स्पर्धा फसल्या असतील!

महाराष्ट्रांतील मुलें ही समता फार जुन्या काळापासून आपल्या रीतीनें साधीत आलीं आहेत. आट्यापाट्या, हुतूतू किंवा विटीदांडू सुरू करण्यापूर्वीं दोन नायक बाजूला उभे राहतात. बाकीचीं मुलें आपापल्या तोडीचा जोडीदार शोधतात, खांद्यावर हात टाकून दूर जातात, आणि आपसांत कानगोष्ट करून दोन गुप्त नांवें घेतात. एक चंद्र होतो, दुसरा सूर्य. मग ती जोडी परत येऊन विचारते, तुम्हांला कोण हवा? एक नायक चंद्र मागतो, दुसऱ्याला सूर्य मिळतो, आणि पुढच्या जोडीच्या वेळीं मागण्याचा हक्क दुसऱ्याकडे जातो. या रीतींत जी खुबी आहे ती मोठ्या माणसांच्या ध्यानांत सहसा येत नाहीं. येथें गड्यांची परीक्षा नायक करीत नाहीं, गडीच स्वतःची परीक्षा करतात. माझ्या बरोबरीचा कोण, हें प्रत्येक मुलाला ठाऊक असतें, आणि तें तो बहुधा खरें सांगतो. कारण फार बलवान् मुलाशीं जोडी लावूं गेलें तर तो बलवान् मुलगाच खांद्यावरचा हात काढून टाकतो. शिवाय कोण कोणाकडे गेला हें नांवाच्या योगायोगानें ठरतें, म्हणून ज्याला शेवटीं घेतलें त्याचा अपमान होत नाहीं. ज्याला जोडीच मिळत नाहीं असा अगदीं लहान भाऊ किंवा बहीण असली, तर तिला कच्चा लिंबू ठरवून दोन्हीकडून खेळूं देतात. मात्र या रीतीला एक मर्यादा आहे. ती दोन बाजूंपुरतीच चालते. चार संघ करावयाचे असतील तर एकाच तोडीचे चौघे चौघे शोधावे लागतात, आणि तें मोठ्या माणसांना जमत नाहीं. कारण वय वाढलें कीं आपल्या तोडीचा कोण, याविषयींचा प्रामाणिकपणा कमी होत जातो.

म्हणून मोठ्यांच्या खेळांत दुसऱ्या दोन रीति रूढ झाल्या. एक लिलावाची. क्रिकेटच्या इंडियन प्रीमियर लीगमुळें ती २००८ पासून घरोघर माहीत झाली, आणि आतां तर गल्लीगल्लींतल्या स्पर्धांतही खोट्या रुपयांच्या बोली लावून गडी घेतात. दुसरी रीत पाळीची. तिला इंग्रजींतील ड्राफ्ट हा शब्द वापरतात. सर्व नायकांनीं एकामागून एक पाळीनें एकेक गडी मागावयाचा, इतकाच तिचा अर्थ. अमेरिकेंतील व्यावसायिक फुटबॉल संघांनीं ती १९३६ सालीं स्वीकारली आणि बास्केटबॉलच्या संघांनीं १९४७ सालीं. तिच्या मुळाशीं असलेला विचार सरळ आहे : श्रीमंत संघानें पैशाच्या जोरावर दर वर्षीं सर्व चांगले तरुण पळवूं नयेत, यास्तव गेल्या हंगामांत जो तळाशीं राहिला त्यानें नव्या मुलांतून प्रथम मागावें. नापासाला बक्षीस देण्यासारखा हा प्रकार आहे, आणि त्याचें फळही तसेंच मिळालें. तळाशीं जाण्यांतच लाभ दिसूं लागल्यामुळें कांहीं संघ मुद्दाम हरतात असा संशय येऊं लागला. तेव्हां १९८५ पासून बास्केटबॉलवाल्यांनीं पहिली पाळी कोणाची हें ठरविण्यासाठीं सोडत आणली.

आपल्याकडे या रीतीचें ठळक उदाहरण बास्केटबॉलचें नसून खो-खोचें आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें १९१४ सालीं ज्या खेळाला नियम घालून दिले, त्याच खेळाची ‘अल्टिमेट खो-खो’ नांवाची व्यावसायिक स्पर्धा २०२२ मध्यें सुरू झाली. संघ सहा होते. जुलै महिन्यांत खेळाडूंची वांटणी झाली ती लिलावानें नव्हे, पाळीनें. तत्पूर्वीं नोंदलेल्या सर्व खेळाडूंचे चार वर्ग पाडण्यांत आले होते, आणि वर्गावर मानधन ठरलें होतें. पहिल्या वर्गांतील खेळाडूला ५ लाख रुपये, दुसऱ्यास ३ लाख, तिसऱ्यास दीड लाख आणि चौथ्यास १ लाख. खो-खो खेळून घर चालवितां येईल असें ज्या मुलांच्या बापांना कधीं स्वप्नांतही वाटलें नव्हतें, अशा मुलांच्या नांवापुढें हीं अक्षरें लागलीं. परीक्षकाच्या लेखणीच्या एका फटकाऱ्यानें एखाद्याची मिळकत पांचपट होत होती किंवा एक पंचमांशावर येत होती. तेव्हां खेळाडूंस गुण देणें ही केवळ करमणुकीची बाब राहिली नाहीं. त्या वर्षींचा अंतिम सामना ४ सप्टेंबर रोजीं पुण्यास झाला आणि ओडिशाच्या संघानें तेलुगु संघावर ४६ विरुद्ध ४५ असा विजय मिळविला. एका गुणानें! सहा संघांत माणसें बरीच सारखी वांटलीं गेलीं होतीं याचा याहून चांगला पुरावा कोणता द्यावा? अर्थात् एका सामन्यावरून सिद्धान्त बांधणें धोक्याचें. परंतु अशी लढत पाहावयास मिळावी हाच तर वांटणीचा हेतु.

आतां गांवच्या स्पर्धेकडे वळूं. समजा, चार नायक आहेत आणि त्यांच्याखेरीज ३२ गडी आहेत. प्रत्येकानें आठ आठ घ्यावयाचे. पाळी लावण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे एक, दोन, तीन, चार, आणि पुन्हा एक, दोन, तीन, चार. ही रीत सोपी आहे आणि अन्यायाची आहे. गड्यांना त्यांच्या कौशल्याप्रमाणें १ ते ३२ क्रमांक दिले, तर पहिल्या नायकाकडे १, ५, ९ असे गडी जातात आणि चौथ्याकडे ४, ८, १२ असे. दोघांच्या क्रमांकांची बेरीज करून पाहावी. पहिल्याची येते १२०, चौथ्याची १४४. क्रमांक जितका लहान तितका गडी चांगला. म्हणजे प्रत्येक फेरींत चौथा नायक तीन पावलें मागें राहिला, आणि आठ फेऱ्यांत चोवीस.

यावर उपाय शेतकऱ्याला सांगण्याची गरज नाहीं. नांगराचें तास बांधापर्यंत गेलें म्हणजे बैल मोकळे उलट पळवीत आणून पुन्हा पहिल्या टोंकापासून सुरुवात कोणी करीत नाहीं. तेथेंच वळून दुसरें तास धरतात. पाळीही तशीच वळवावी. पहिल्या फेरींत एक, दोन, तीन, चार. दुसऱ्या फेरींत चार, तीन, दोन, एक. या नागमोडी क्रमानें पहिल्या नायकाकडे १, ८, ९, १६, १७, २४, २५, ३२ हे गडी जातात आणि चौथ्याकडे ४, ५, १२, १३, २०, २१, २८, २९. दोन्ही बेरजा १३२, आणि मधल्या दोघांच्याही तितक्याच. कागदावर न्याय पुरा झाला.

कागदावरच, कारण क्रमांक आणि कौशल्य यांत अंतर असतें. पहिल्या आणि चौथ्या गड्यांत जो फरक असतो तो एकोणतिसाव्या आणि बत्तिसाव्यांत नसतो. तळचे चौघे बहुधा सारखेच असतात. माथ्यावरचा मात्र एकटाच असतो. क्रमांकांऐवजीं दहांपैकीं गुण दिले, आणि पहिल्यास साडेनऊ, चौथ्यास आठ, पांचव्यास साडेसात व आठव्यास सात पडले असें धरलें, तर पहिल्या दोन फेऱ्यांअखेर पहिल्या नायकाजवळ साडेसोळा गुण होतात आणि चौथ्याजवळ साडेपंधरा. नागमोडी पाळी असूनही एक गुणाचा लाभ पहिल्याकडे राहिलाच. हा लाभ मोडण्याची युक्ति अशी कीं, नायकाचे स्वतःचे गुणही मोजावेत. तोही मैदानांत उतरणारच असतो. ज्या नायकाचा स्वतःचा खेळ सर्वांत दुबळा त्याला पहिली पाळी, आणि जो सर्वांत तरबेज त्याला शेवटची. चिठ्ठ्या टाकण्यापेक्षां ही रीत अधिक शहाणपणाची आहे. मात्र कोणता नायक दुबळा हें चारचौघांत बोलून दाखवावें लागतें, आणि तेवढा दिलदारपणा प्रत्येक गांवांत असेलच असें नाहीं.

गुण कोणी आणि कसे द्यावेत हा यापुढचा प्रश्न. हें काम एकट्याचें नव्हे. तिघांनीं एकमेकांना न विचारतां स्वतंत्र गुण लिहावेत आणि तिन्ही आंकड्यांपैकीं मधला घ्यावा. सरासरी घेऊं नये. समजा, एका मुलाला त्याच्या मामानें नऊ गुण दिले आणि बाकीच्या दोघांनीं सहा सहा. सरासरी येते सात. म्हणजे मामाचें प्रेम एका गुणानें फळाला आलें. मधला आंकडा सहाच राहतो. हा एवढासा नियम पाळल्यानें पुष्कळ कटकट वांचते.

बास्केटबॉलमध्यें काय पाहावें? हा खेळ १८९१ सालीं अमेरिकेंत जेम्स नेस्मिथ या व्यायामशिक्षकानें हिवाळ्यांत घरांत खेळतां यावा म्हणून बसविला, आणि टोपली उंचावर टांगली. आजही कडें जमिनीपासून ३.०५ मीटर उंच असतें. त्यामुळें उंच मुलगा दिसला कीं नायकाच्या तोंडाला पाणी सुटतें. उंची कामाची खरी. परंतु हौशी खेळांत तिची किंमत नेहमीं वाजवीपेक्षां अधिक लावली जाते. गांवच्या सामन्यांत निम्मे चेंडू टोपलीपर्यंत पोंचतच नाहींत. ते वाटेंत हातांतून निसटतात, चुकीच्या माणसाकडे जातात किंवा रेषेबाहेर पडतात. ज्याच्या हातांत चेंडू सुरक्षित राहतो आणि जो मोकळा भिडू पाहून वेळेवर चेंडू देतो, असा बुटका मुलगा हौशी संघाला ताडमाड पण हाताच्या कच्च्या गड्याहून अधिक उपयोगी पडतो. एकदम पांचच जण मैदानांत असतात, त्यामुळें एकाचा कच्चेपणा खो-खोच्या नऊ जणांत झांकला जातो तसा येथें झांकला जात नाहीं. म्हणून दहा गुणांपैकीं चेंडू हाताळणें व देणें यांस चार, टोपलींत टाकण्याच्या नेमास तीन आणि उंचीसह बचावास तीन, अशी विभागणी साधारणतः बरी पडते. खेळाचा नियम बदलला कीं विभागणीही बदलावी लागते. रूढ खो-खोंत पाठलाग करणाऱ्यानें एकदां दिशा धरली कीं खांबापर्यंत ती सोडतां येत नाहीं. पण वर सांगितलेल्या व्यावसायिक स्पर्धेंत ‘वजीर’ नांवाच्या एका गड्याला कोणत्याही दिशेनें पळण्याची मोकळीक दिली होती. त्याबरोबर चपळ वळणाऱ्या खेळाडूची किंमत वाढली.

एक गोष्ट मात्र या दहांत धरूं नये, आणि ती म्हणजे हजेरी. पुष्कळ ठिकाणीं हजेरीला दोन गुण राखून ठेवतात. हें गणिताच्या दृष्टीनें चूक आहे. आठ गुणांचा गडी निम्म्या सामन्यांना आला नाहीं तर तो सहा गुणांचा होत नाहीं. तो चारांचा होतो. हजेरी ही बेरजेची बाब नसून गुणाकाराची आहे.

आणि बीड जिल्ह्यांत हजेरीचा प्रश्न आळसाचा नसतो. दिवाळी झाली कीं येथून लाखो माणसें ऊंसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांतील आणि कर्नाटकांतील कारखान्यांकडे जातात, तीं उन्हाळा लागल्यावर परततात. नवराबायकोच्या जोडीला तेथें एक कोयता म्हणतात, एकट्या माणसाला अर्धा कोयता. मुकादमाची उचल त्या हिशेबानें ठरते. माणसाची शक्ति मोजून किंमत ठरविण्याची ही विद्या जिल्ह्याला बास्केटबॉलनें शिकविलेली नाहीं! घरांतला मोठा मुलगा पुष्कळदां आईबापांबरोबर फडावर जातो. जानेवारींत स्पर्धा ठेवली तर अशा मुलाच्या नांवापुढें हजेरीचा आंकडा शून्य येतो आणि गुणाकारही शून्य येतो. कोणताही नायक त्याला दोष न देतां, केवळ हिशेब करून, वगळतो. हिशेब बरोबर असतो आणि अन्याय झालेला असतो. येथें दुरुस्त करावयाचे ते गुण नव्हेत, तारखा होत. हीच स्पर्धा दसऱ्यापूर्वीं, पावसाची उघडीप पाहून घेतली, तर त्याच मुलाचे सात गुण सातच राहतात. शहरांत बसून जिल्हास्पर्धांचें वेळापत्रक आंखणाऱ्यांनीं यादी पाहण्यापूर्वीं पंचांग पाहावें, असें म्हणावेंसें वाटतें.

याच जिल्ह्यानें परीक्षकांना दुसराही एक धडा दिला आहे. आष्टी तालुक्यांतील मांडवा गांवचा अविनाश साबळे लहानपणीं शाळेसाठीं रोज कित्येक किलोमीटरची वाट तुडवीत असे. बारावीनंतर तो सैन्यांत महार रेजिमेंटमध्यें दाखल झाला, सियाचीनसारख्या ठिकाणीं राहिला, आणि धांवण्याच्या शर्यतींकडे वळला तो त्यानंतर. इ. स. २०२२ मध्यें बर्मिंगहॅम येथील राष्ट्रकुल स्पर्धेंत ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतींत त्यानें ८ मिनिटें ११.२० सेकंदांत रौप्यपदक मिळविलें. सुवर्णपदक अवघ्या ०.०५ सेकंदानें हुकलें. पुढच्या वर्षीं हांगझोऊ येथील आशियाई स्पर्धेंत त्यानें सुवर्णपदक आणलें. सोळाव्या वर्षीं त्याचें नांव कोणत्या नायकानें पहिल्या फेरींत मागितलें असतें? गुणपत्रिकेंत आज काय येतें एवढेंच दिसतें. उद्यां काय येईल तें दिसत नाहीं. म्हणून शाळकरी मुलांचे गुण दर स्पर्धेला नव्यानें द्यावेत, गेल्या वर्षींच्या यादीवरून उतरून घेऊं नयेत.

येथवर वांटणीच्या तयारीचा विचार झाला. वांटणी होऊन गेल्यावर प्रत्येक नायकानें काम कसें केलें याची परीक्षा करण्याची हौसही लोकांना असते. अमेरिकेंत तर दुसऱ्याच दिवशीं वर्तमानपत्रें प्रत्येक संघाला शाळेंतल्याप्रमाणें श्रेणी देऊन मोकळीं होतात. या श्रेणी देतांना बहुतेकांच्या हातून एक घोटाळा होतो : मागणी शहाणपणाची होती कीं नाहीं हें न पाहतां, पुढें काय झालें हें ते पाहतात. १९८४ सालचें उदाहरण बास्केटबॉलच्या प्रेक्षकांत सर्वत्र सांगितलें जातें. ह्यूस्टनच्या संघानें पहिला गडी हकीम ओलाजुवान घेतला. दुसरी पाळी पोर्टलंडची होती. त्यांनीं उंचापुरा सॅम बोवी घेतला, आणि तिसऱ्या पाळीस शिकागोला मायकेल जॉर्डन मिळाला. पुढें जॉर्डन जगांतील सर्वांत थोर खेळाडूंत गणला गेला, आणि पोर्टलंडच्या नांवानें लोक अद्याप हसतात. परंतु पोर्टलंडजवळ जॉर्डनच्याच जागीं खेळणारा क्लाइड ड्रेक्स्लर हा गुणी तरुण आधींच होता. त्यांना उणीव होती ती उंच मध्यखेळाडूची. उणीव पाहून मागणें हा विचार चुकीचा नव्हता. चूक असेल तर ती निराळी : बोवीच्या नडगीचें हाड विद्यार्थिदशेंतच मोडलें होतें आणि त्यापायीं त्याचे दोन हंगाम बुडाले होते, ही गोष्ट सर्वांना ठाऊक होती. मागणीच्या क्षणीं जें ठाऊक होतें तेवढ्यावरच परीक्षा करावी. या कसोटीला लावल्यास पोर्टलंडचा दोष उरतो, पण हसणारे सांगतात तो नव्हे.

याच्या उलट निकोला योकिच. सर्बियाचा हा तरुण २०१४ सालीं एकेचाळिसाव्या पाळीस डेन्व्हरच्या संघानें घेतला. म्हणजे चाळीस वेळां कोणी ना कोणी त्याला सोडून दुसऱ्याला मागितलें. पुढें त्यास तीनदां वर्षांतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान मिळाला आणि २०२३ मध्यें त्यानें डेन्व्हरला पहिलें अजिंक्यपद मिळवून दिलें. डेन्व्हरच्या परीक्षकांची दृष्टि चांगली होती यांत शंका नाहीं. परंतु त्यांनीं स्वतःही तोंवर दुसरे गडी मागून मग त्याला मागितलें होतें, हें विसरून चालणार नाहीं. दैवाचा वांटा दैवाला द्यावा.

गांवच्या स्पर्धेंत ही परीक्षा नीट करावयाची असेल तर रीत साधी आहे. प्रत्येक मागणीच्या वेळीं यादींत शिल्लक राहिलेल्यांत सर्वांत अधिक गुणांचा गडी कोण, हें शेजारीं लिहून ठेवावें. नायकानें पांच गुणांचा गडी मागितला आणि त्या वेळीं सात गुणांचा मोकळा होता, तर दोन गुणांचा तोटा मांडावा. मात्र त्याच्याकडे उंच गडी आधींच दोन असतील आणि तो सात गुणांचा तिसरा उंच असेल, तर तोटा मांडूं नये. कारण तिघे उंच एकाच कड्याखालीं उभे राहून एकमेकांच्या पायांत येण्याखेरीज कांहीं साधत नाहीं. हा हिशेब पहिला सामना होण्यापूर्वीं पुरा करून लखोट्यांत बंद करावा आणि स्पर्धेनंतर उघडावा. सामन्यांनंतर लिहिलेले गुण म्हणजे उत्तरें पाहून लिहिलेली उत्तरपत्रिका होय.

तथापि एकेका नायकाची श्रेणी ही दुय्यम गोष्ट आहे. चारही संघांची बेरीज करून पाहावी. समजा, एका वांटणींत बेरजा ६०, ५४, ४७ आणि ४१ आल्या, आणि दुसरींत ५२, ५१, ५० आणि ४९. दोन्हींत एकूण गुण २०२ च, माणसें तींच. पहिल्या वांटणींत एका नायकाला उत्तम श्रेणी द्यावी लागेल आणि गांवांत त्याची वाहवा होईल. दुसऱ्या वांटणींत कोणालाच उत्तम श्रेणी मिळणार नाहीं, सगळे मध्यम. पण मित्रमंडळींच्या स्पर्धेसाठीं पहिली वांटणी नापास आणि दुसरी पहिल्या वर्गांत उत्तीर्ण. वरची व खालची बेरीज यांतलें अंतर हाच वांटणीचा खरा गुणांक. पहिलींत तें १९ आहे, दुसरींत ३.

राहिली गोष्ट शेवटच्या फेरीची. सर्वांसमक्ष नांवें पुकारलीं जात असतां ज्याचें नांव शेवटपर्यंत येत नाहीं, त्याची अवस्था प्रत्येकानें शाळेंत पाहिलेली आहे. मुली आणि मुलगे एकत्र खेळणार असतील तर ती वेळ बहुधा मुलींवर येते, कौशल्य असो वा नसो. हा प्रसंग टाळणें अगदीं सोपें आहे. शेवटच्या दोन फेऱ्यांतील आठ नांवें मागूंच नयेत. तीं चिठ्ठ्या टाकून, गडी हजर नसतांना, चौघांत वांटावीं. तळच्या गड्यांच्या गुणांत फरक नसतो हें वर आलेंच आहे, त्यामुळें त्यानें समतेला बाध येत नाहीं. यादी लावतांनाही ती पाळीच्या क्रमानें न लावतां वर्णानुक्रमानें लावावी.

इतकें करूनही पहिल्या दोन सामन्यांत वांटणी चुकल्याचें दिसून येतें. एखाद्याचा पाय मुरगळतो, एखाद्याची बदली होते, एखादा अपेक्षेच्या दुप्पट खेळतो. अशा वेळीं सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या संघांत एकाच गड्याची अदलाबदल करण्याची मोकळीक नियमांत आधींच लिहून ठेवावी. अदलाबदलीच्या कागदावर दोन्ही नायकांच्या सह्या घ्याव्यात, आणि ज्यांची अदलाबदल व्हावयाची त्या दोन्ही गड्यांच्याही. गड्याची सही नसेल तर तो कागद रद्द समजावा.